रिपीटरच्या डब्यात कुठला बोर्ड?

हॅम रेडिओचा परवाना हातात पडून सहा महिने झाले, की आमच्याकडचा नवा हॅम हमखास विचारतो, "काका, रिपीटरला पाय कुठला घ्यावा?" पाय म्हणजे रास्पबेरी पाय, पत्त्यांच्या कॅटएवढा लिनक्सवर चालणारा संगणक. प्रश्न चांगला आहे, पण अर्धाच विचारलेला आहे. बोर्ड घरात चालायचा की गच्चीवर, विजेवर की बॅटरीवर, आणि तो बंद पडला तर तिथे कोण किती वेळात पोहोचणार, हे ठरल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. बाजारात आज डझनावारी बोर्ड आहेत आणि प्रत्येकाच्या खोक्यावर प्रोसेसरचा वेग ठळक छापलेला असतो. रिपीटरच्या कामात या वेगाला सर्वांत कमी किंमत आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो.

ज्यांना रिपीटर माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. भारतात हौशी रेडिओला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळाला आहे, त्याला आम्ही 'दोन मीटर' म्हणतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. आमची डोंबिवली सपाटीवर, खाडीच्या काठी. ठाण्याच्या वाटेवर पारसिकचा डोंगर आडवा. रेल्वेने १९१६ साली त्यातून बोगदा काढला, पण पाच वॉटच्या हँडीला, म्हणजे हातातल्या सेटला, तो डोंगर भेदता येत नाही. त्यात चार-चार मजली जुन्या इमारती आणि आता त्यांच्या जागी उभे राहिलेले उंच टॉवर. तळमजल्यावरून बोलणाऱ्याचा आवाज दोन-तीन किलोमीटरवर विरतो. उंचावर ठेवलेला रिपीटर हा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने पुन्हा प्रक्षेपित करतो. दोन मीटरवर या दोन फ्रिक्वेन्सींमधले अंतर सहसा ६०० किलोहर्ट्झ असते.

उंचीचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले, की रेडिओच्या क्षितिजाचे किलोमीटर मिळतात. तीस मीटरच्या गच्चीवरून ते साडेबावीस किलोमीटर येते. जवळच्या मलंगगडाची उंची साडेसातशे मीटर धरली तरी ११३ किलोमीटर. प्रत्यक्षात मध्ये डोंगर, इमारती येतात आणि आकडा घटतो, पण कल्पना यावी. मात्र गच्चीवरचा डबा बिघडला तर चपला घालून वर जाता येते, आणि गडावरचा बिघडला तर परवानग्या, पायऱ्या आणि अख्खा दिवस. बोर्डाची निवड इथेच दोन वाटांनी फुटते.

आणखी एक गोष्ट आधी बोलायला हवी. हौशी रिपीटर रोजच्या गप्पांसाठी वापरला जातो, जायलाच हवा, नाहीतर तो चालू आहे की नाही हेही कुणाला कळायचे नाही. पण त्याची परीक्षा वेगळ्या दिवशी असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उल्हास नदीने बदलापूर, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांत पाणी घातले, वीज गेली आणि पाठोपाठ फोन गेले. १२ ऑक्टोबर २०२० ला आकाश मोकळे असूनही कळवा-पडघा भागातल्या वीजवाहिन्या बंद पडल्या, मुंबई-ठाण्यात अंधार झाला आणि लोकल जिथल्या तिथे थांबल्या. अशा दिवशी मोबाइलच्या टॉवरवरच्या बॅटऱ्या काही तासांत मान टाकतात. आपला डबा त्या वेळी बोलत असला पाहिजे. बोर्ड निवडायचा तो या दिवसासाठी.

आता बोर्डाला काम काय असते ते पाहू. रिसीव्हरवर खरा सिग्नल आला की नाही हे ओळखायचे. आला की ट्रान्समीटरचे पीटीटी, म्हणजे बोलण्याचे बटण, दाबायचे. बोलणारा थांबला की सेकंद-दोन सेकंद ट्रान्समीटर चालू ठेवून मग सोडायचा, याला 'टेल' म्हणतात. कुणाचे बटण चुकून दाबलेले राहिले तर ठरावीक मिनिटांनी ट्रान्समीटर तोडायचा. ठरावीक वेळाने रिपीटरचे कॉलसाइन मोर्समध्ये किंवा बोलून सांगायचे. आणि जबाबदार माणसाला दुरून तो बंद-चालू करता यावा म्हणून डीटीएमएफ, म्हणजे फोनच्या बटणांचे सूर, ओळखायचे. बस, एवढेच. पूर्वीच्या हॅम मंडळींनी हे सगळे रिले, ५५५ टायमर आणि डायोडच्या जाळीवर केले. कॉलसाइनचे ठिपके-रेघा डायोड डाखून कायम बसवलेले असत. आवाज सेकंदाला आठ हजार नमुने या दराने घेतला तरी बोलण्याला पुरतो, आणि २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायचा ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसरसुद्धा एवढे काम आरामात उचलतो.

मग लिनक्स कशासाठी? कारण बदल करणे सोपे होते. टेलची लांबी बदलायची तर फाइलमधला एक आकडा बदलायचा, डाखण काढायचे नाही. स्वीडनच्या टोबियास ब्लॉमबर्ग यांचे 'एसव्हीएक्सलिंक' हे सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय, एकट्याने रिपीटर सांभाळते. त्यातले आवाज साध्या ध्वनिफाइली आहेत. त्या काढून आपण मराठीत बोलून ठेवू शकतो. रात्री नऊ वाजता नेट, म्हणजे हॅम मंडळींची हवेवरची बैठक, सुरू होत असल्याची सूचना इंग्रजी यंत्रस्वरात ऐकणे आणि आपल्याच एखाद्या ताईच्या स्वच्छ मराठीत ऐकणे, यात फार फरक आहे. घरातली आजी त्या आवाजाने खोलीत डोकावते, विचारते, आणि नातीला हँडी हातात घ्यावीशी वाटते. दुसरे मोठे नाव 'ऑलस्टार'. जिम डिक्सन यांनी 'ॲस्टरिस्क' या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर ते उभारले. त्याची खरी ताकद अनेक रिपीटर एकमेकांना जोडण्यात आहे. त्याआधी, १९९७ मध्ये सुरू झालेल्या, कॅनडातल्या डेव्हिड कॅमेरॉन यांच्या 'आयआरएलपी'ने रेडिओ आणि इंटरनेटची सांगड लिनक्सवर घातली होती, तीही त्या काळच्या अवजड पीसीवर. लहान बोर्ड आले तेव्हा सॉफ्टवेअर आधीच तयार होते.

जोडणीचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. रिपीटर इंटरनेटशी जोडणे बोर्डाला सोपे आहे, म्हणून ते करावे असे नाही. आपल्याकडे हौशी सेवेचे नियम १९७८ चे, त्यांत पुढे दुरुस्त्या झालेल्या. परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन शाखेकडून मिळतो. रिपीटर आणि त्याची जोडणी यांबाबत आपल्या परवान्यात काय लिहिले आहे ते वाचावे, लेखी परवानगी हातात घ्यावी आणि मगच केबल जोडावी. इंटरनेट असेल तरच चालणारा, असा रिपीटर बांधू नये. पुराच्या दिवशी पहिला बंद पडतो तो राउटर.

निवडीतला पहिला खरा मुद्दा आवाजाचा. रास्पबेरी पायच्या मॉडेल बी जातीच्या बोर्डांना, चौथ्या पिढीपर्यंत, हेडफोनचे छिद्र असते, पण ते आवाज बाहेर काढण्यापुरते, आत घेण्याची सोय नाही. पाय ५ वरून तर तेही गेले आणि झीरो जातीच्या बोर्डांवर ते कधी नव्हतेच. म्हणजे यूएसबी साउंड कार्ड आलेच. सी-मीडिया कंपनीची सीएम१०८ किंवा सीएम११९ ही चिप असलेले कार्ड हॅम लोकांत लोकप्रिय आहे, त्याचे कारण मजेदार आहे. या चिपला आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणांसाठी आणि इतर कामांसाठी जादा पिना असतात. त्यांतली एक सिग्नल आल्याची खूण आत घेते, दुसरी पीटीटी बाहेर देते. आवाज, सिग्नलची खूण (स्क्वेल्च) आणि पीटीटी तिन्ही एका यूएसबी वायरवर. बारीक डाखण जमत असेल तर काही शे रुपयांच्या कार्डात हे सगळे बसते. कार्ड घेताना आत चिप कुठली आहे ते उघडून बघावे, कारण बाहेरून सारखी दिसणारी कार्डे आतून वेगळी निघतात.

साउंड कार्डामुळे बोर्डातला एक जुना दोषही समोर येतो. पहिल्या तीन पिढ्यांच्या मोठ्या पायवर सगळे यूएसबी आणि इथरनेट एकाच यूएसबी २ च्या वाटेने प्रोसेसरकडे जाते. आवाज हा वेळेवर पोहोचावा लागणारा माल. वाटेत नेटवर्कची गर्दी झाली की तो अडखळतो, आणि हवेवर खरखर किंवा तुटक अक्षरे ऐकू येतात. नवीन सॉफ्टवेअरने हे बरेच सुधारले. पाय ४ मध्ये वाटाच वेगळ्या केल्या. बीगलबोन ब्लॅकमध्ये इथरनेट सुरुवातीपासून वेगळे आहे, त्यामुळे एका काळात ऑलस्टारवाल्यांचा तो आवडता बोर्ड होता.

रेडिओला जोडताना बोर्डाची पिन थेट पीटीटीला लावू नये. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, पाच व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. मध्ये एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि एक किलो-ओहमचा रेझिस्टर, किंवा पीसी८१७ ऑप्टोकपलर घालावा. आवाजाच्या दोन्ही वाटांवर ६०० ओहमचे छोटे ट्रान्सफॉर्मर घातले की ग्राउंडची गुणगुण जाते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा सगळा माल शंभर-दोनशे रुपयांत होतो आणि हजारोंचा रेडिओ वाचतो.

आता तो मुद्दा, जो विकणारे कधी सांगत नाहीत आणि घेणारे विचारत नाहीत. बोर्ड स्वतः एक छोटा ट्रान्समीटर असतो. रिपीटरचा रिसीव्हर ०.२ मायक्रोव्होल्टसारखा क्षीण सिग्नल ऐकतो, म्हणजे उणे १२१ डीबीएमच्या आसपास. शेजारी त्याचाच २५ वॉटचा ट्रान्समीटर अधिक ४४ डीबीएमवर ओरडत असतो. हे १६५ डेसिबलचे अंतर सांभाळण्यासाठी आपण महागडा कॅव्हिटी डुप्लेक्सर बसवतो, त्याचे स्क्रू दिवसभर फिरवत ट्यूनिंग करतो. आणि मग त्याच डब्यात बोर्ड ठेवतो, ज्याच्या क्रिस्टलचे गुणक थेट आपल्या पट्ट्यात येऊ शकतात. बीगलबोन ब्लॅकचा मुख्य क्रिस्टल २४ मेगाहर्ट्झचा. त्याला सहाने गुणा, १४४ येतात, दोन मीटरचा उंबरठाच. पाय ४ चा क्रिस्टल ५४ मेगाहर्ट्झचा, आठपट केली की ४३२, आपल्या ४३४ ते ४३८ च्या सत्तर सेंटिमीटर पट्ट्याच्या जरा खाली. याचा अर्थ हे बोर्ड वापरू नयेत असा नाही. पण पत्र्याचा वेगळा डबा, वायरींवर फेराइट, एचडीएमआय बंद, आणि शक्य असेल तिथे इथरनेटची केबल काढलेली, एवढे करावेच लागते. बारा व्होल्टचे पाच करणारा स्वस्त एलएम२५९६ चा मॉड्यूल हा तर बोर्डापेक्षाही मोठा गुन्हेगार ठरतो. तपासणी सोपी आहे. रिसीव्हरवर लांबचा, जेमतेम ऐकू येणारा सिग्नल लावा आणि बोर्डाची वीज बंद-चालू करा. बोर्ड चालू केल्यावर खरखर वाढली तर तुमचा रिपीटर काही किलोमीटर आखूड झाला. कुठलाही बोर्ड पसंत करण्यापूर्वी ही चाचणी व्हावी, आणि ती जिथे रिपीटर राहणार त्याच जागी व्हावी, कारण गच्चीवर लिफ्टची मोटर आणि शेजारचा मोबाइल टॉवरही त्यात भर घालतात.

यानंतरचा मुद्दा माझ्या अनुभवाचा. काही वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली, फक्त ऐकणारा एक डबा ठेवला होता. 'डायरवुल्फ' हे सॉफ्टवेअर साउंड कार्डातून आलेले एपीआरएसचे, म्हणजे रेडिओवरून पाठवलेल्या स्थानमाहितीचे, पॅकेट उलगडून लिहून ठेवायचे. मार्च ते जून चार महिने बिनतक्रार. जुलैच्या पहिल्याच जोरदार संध्याकाळी वीज अर्ध्या तासात पाच-सहा वेळा गेली-आली. सकाळी वर गेलो तर बोर्डाचा लाल दिवा लागलेला आणि हिरवा गप्प. एसडी कार्डावरची फाइल लिहिता लिहिता वीज गेली होती आणि कार्ड पुन्हा कधी वाचले गेले नाही. बोर्ड शाबूत, रेडिओ शाबूत. नखाएवढ्या कार्डाने सगळे थांबवले. तो रिपीटर असता आणि ती २६ जुलैची संध्याकाळ असती तर, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

म्हणून माझ्या लेखी साठवण हा निवडीचा सर्वांत महत्त्वाचा निकष आहे. एसडी कार्डाच्या प्रत्येक जागेवर ठरावीक वेळाच लिहिता येते, आणि लिनक्सला सतत काहीतरी लिहायची सवय असते, नोंदींच्या फाइली तर अखंड. उपाय तीन. पहिला फुकट आहे : कार्ड 'फक्त वाचा' अवस्थेत ठेवायचे. रास्पबेरी पायच्या 'रास्पी-कॉन्फिग'मध्ये ओव्हरले फाइल सिस्टिमचा पर्याय आहे. तो लावला की सगळे लिखाण मेमरीत होते आणि वीज गेल्यावर पुसले जाते, कार्डाला धक्का लागत नाही. सेटिंग बदलायची असेल तेव्हा तो काढून पुन्हा लावायचा. दुसरा उपाय बोर्डावरच डाखलेली ईएमएमसी साठवण, जी बीगलबोन ब्लॅकवर आहे. सुरुवातीला ती दोन जीबी होती, पुढे चार झाली, आणि रिपीटरला चार जीबी भरपूर. तिसरा, एसएसडीवरून सुरू होणारा बोर्ड. पहिला उपाय केला तर दुसऱ्या-तिसऱ्याची निकड बरीच कमी होते. तरीही किती रिपीटरमध्ये तो केलेला असतो, हे ज्याने त्याने आपला डबा उघडून पाहावे.

याच्याच जोडीला वॉचडॉग. पायच्या चिपमध्ये तो असतोच. सॉफ्टवेअर गोठले आणि पंधरा सेकंदांत त्याने वॉचडॉगला हाक दिली नाही, तर बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होतो. तो चालू करायला दोन ओळी लागतात. आणि घड्याळ. पाय ५ च्या आधीच्या कुठल्याही पायला वीज गेल्यावर वेळ आठवत नाही, इंटरनेटवरून तो ती विचारून घेतो. इंटरनेट नसलेल्या गडावर डीएस३२३१ चे घड्याळ-मॉड्यूल लावावे, नाहीतर नऊच्या नेटची सूचना भलत्याच वेळी होईल.

विजेचा हिशेब एकदा कागदावर मांडू, कारण इथे समजुती चुकीच्या आहेत. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी घेतली. ती निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हातात ६०० वॉट-तास. रेडिओ नुसता ऐकताना अर्धा अँपिअर घेतो असे धरू, दिवसाचे १४४ वॉट-तास. २५ वॉटवर बोलताना सहा अँपिअर, आणि दिवसाच्या एक दशांश वेळ तो बोलत असेल तर १७३. पाय ४ साउंड कार्डासह सरासरी चार वॉट खाईल, दिवसाचे ९६. एकूण ४१३, म्हणजे बॅटरी जेमतेम ३५ तास. पाय ४ च्या जागी दीड वॉटमध्ये भागणारा झीरो २ डब्ल्यू ठेवला तर ४१ तास. सहा तास मिळाले, चांगलेच. पण बोर्ड तोच ठेवून ट्रान्समीटर २५ वरून १० वॉटवर आणला आणि तो तीन अँपिअर घेऊ लागला, तर ४४ तास मिळतात. ऐकताना पाव अँपिअरच घेणारा रेडिओ शोधला तर त्यातही भर पडते. बोर्डाच्या एकेका वॉटवर रात्र रात्र चर्चा करणाऱ्यांनी आधी रेडिओचे मीटर पाहावे. संकटाच्या दिवशी दहा वॉटवर उतरण्याची आज्ञा डीटीएमएफने देता येईल अशी सोय करणे, हे लिनक्सचे खरे काम.

याच संदर्भात पाच व्होल्टची वाट. पायचा पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो धोक्याची खूण देतो आणि वेग आवरतो. बारीक यूएसबी केबलचा रोध ०.२ ओहम आणि प्रवाह दीड अँपिअर धरला तर वाटेतच ०.३ व्होल्ट जातात. जाड, आखूड वायर घालावी. पाय ५ ला तर पाच व्होल्टवर पाच अँपिअरचा पुरवठा हवा, तीन अँपिअरचा दिला तर तो यूएसबीचा प्रवाह आवरून धरतो. घरच्या टेबलावर तो उत्तम संगणक आहे. बॅटरीवरच्या रिपीटरमध्ये त्याला जागा नाही.

आता एकेक बोर्ड. रास्पबेरी पाय ३बी प्लस २०१८ चा. जुना झाला, पण रिपीटरला हवे ते सगळे त्यात आहे, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर त्यावर घासूनपुसून झालेले आहे. त्याच साली आलेला ३ए प्लस मला त्याहून आवडतो. इथरनेट नाही, यूएसबी एकच, मेमरी ५१२ एमबी. त्या एका छिद्रात साउंड कार्ड बसले की बोर्डाला दुसरे काही करायचे नसते, म्हणून तो थंड आणि शांत राहतो. झीरो २ डब्ल्यू २०२१ चा, सर्वांत कमी विजेचा. त्याचे यूएसबी छिद्र मायक्रो जातीचे, त्यामुळे मध्ये ॲडॉप्टर येतो आणि गच्चीवरच्या दमटपणात तो सांधा सैल पडतो. ॲडॉप्टर टाळून वायर थेट डाखली तर हा बोर्ड उत्कृष्ट. पाय ४ तेव्हाच घ्यावा, जेव्हा एकाच डब्यात व्हॉइस रिपीटर, एपीआरएस आणि डिजिटल अशी तीन कामे आहेत आणि महावितरणची वीज हाताशी आहे. बंद डब्यात मे महिन्यात तो ८० अंशांना टेकून वेग कमी करतो. त्याला पंखा न लावता ॲल्युमिनियमचा पूर्ण डबा घालावा, कारण पंखा आधी धूळ आत घेतो आणि मग बंद पडतो.

बीगलबोन ब्लॅक २०१३ चा. ईएमएमसी, वेगळे इथरनेट, आणि बॅटरीचा व्होल्टेज मोजता येईल अशा ॲनालॉग पिना, ज्या पायवर नाहीतच. कागदावर रिपीटरला तोच योग्य. पण किंमत चढी, आजच्या रिपीटर सॉफ्टवेअरच्या तयार प्रती पायसाठी जास्त, आणि अडल्यावर विचारायला ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात तो वापरणारा सापडणे अवघड. ज्याच्याकडे तो पडून आहे त्याने जरूर वापरावा. नवा घेण्याचा आग्रह मी धरणार नाही.

ऑरेंज पाय, नॅनोपाय वगैरे चिनी बोर्डांबद्दल. नॅनोपाय निओ तर चार सेंटिमीटरचा चौकोन, किंमत आटोपशीर, इथरनेटसकट. यांचे हार्डवेअर वाईट नाही. अडचण सॉफ्टवेअरच्या आयुष्याची. उत्पादकाची लिनक्सची प्रत एका जागी थांबते आणि पुढे 'आर्मबियन'च्या स्वयंसेवकांवर भिस्त राहते. स्वतः लिनक्स जाणणाऱ्याला हे बोर्ड चालतील. क्लबच्या रिपीटरला, जिथे आज एक आणि तीन वर्षांनी दुसरा सांभाळणार, तिथे नकोत.

एक पर्याय लोक विसरतात, तो म्हणजे कार्यालयांतून निघालेला जुना थिन क्लायंट. वीज सहा ते दहा वॉट, बोर्डांच्या मानाने जास्त. पण आत एसएसडी, घड्याळ आणि पत्र्याचा डबा आयता, आणि बायोसमध्ये 'वीज आली की आपोआप सुरू हो' हे सांगण्याची सोय. वीज आणि इन्व्हर्टर दोन्ही असलेल्या गच्चीवर हा अतिशय भरवशाचा गडी आहे.

डिजिटल रिपीटरची गोष्ट थोडी निराळी. डीएमआर या डिजिटल पद्धतीत ३० मिलिसेकंदांचे दोन कप्पे आळीपाळीने येतात आणि वेळ चुकवून चालत नाही. लिनक्स एकाच वेळी दहा कामे करतो, त्यामुळे इतकी काटेकोर वेळ पाळण्याची खात्री तो देत नाही. जोनाथन नेलर यांनी 'एमएमडीव्हीएम' रचताना वेळेचे सगळे काम वेगळ्या मायक्रोकंट्रोलरवर सोपवले आणि लिनक्स बोर्डाकडे फक्त मार्ग ठरवण्याचे काम ठेवले. म्हणूनच तिथे झीरो जातीचा बोर्डही पुरतो.

नेलर यांची ही कामाची वाटणी साध्या व्हॉइस रिपीटरलाही लागू करावी, असे माझे ठाम मत झाले आहे. लिनक्सचा बोर्ड कुठलाही घ्या, रिपीटरचे मूळ काम त्याच्यावर सोडू नका. सिग्नल आला की पीटीटी दाबणे, आवाज पलीकडे नेणे, वेळ संपली की तोडणे आणि मोर्समध्ये कॉलसाइन देणे एवढे काम एका एटीमेगा३२८ ला, म्हणजे अर्डुइनोच्या चिपला, सहज जमते. ती चिप अर्ध्या सेकंदात सुरू होते, तिला कार्ड नाही, फाइल नाही. लिनक्स बोर्ड तिच्या शेजारी बसेल. तो जिवंत असेपर्यंत एका पिनेवर ठोके देत राहील आणि चिप त्याचे ऐकेल : मराठी सूचना, डीटीएमएफच्या आज्ञा, नोंदी, एपीआरएस. ठोके थांबले की एक रिले सुटेल आणि आवाज बोर्डाला वळसा घालून सरळ जाईल. रिपीटर मुका होणार नाही. हा सगळा खर्च पाचशे रुपयांच्या आत आहे.

बोर्डाच्या आयुष्याचा विचार आपल्या हवेतही करायला हवा. डोंबिवलीत एमआयडीसी जवळ आहे. २०२० च्या फेब्रुवारीत तिथला रस्ता रसायनांनी गुलाबी झालेला सर्वांनी पाहिला. जिथे रसायने रस्ता रंगवतात तिथली हवा तांब्याच्या पिनाही काळ्या करते. बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा पातळ थर द्यावा, कनेक्टर झाकून. डब्याच्या तळाला पाणी निथळायला भोक, त्यावर बारीक जाळी, कारण मुंग्या आणि पाली ऊब शोधत येतात. आणि अँटेनाच्या वायरला वीज-संरक्षक, जाड अर्थिंगसह. विजेचा लोळ गच्चीवर उतरला तर बोर्ड कुठला होता याला महत्त्व राहत नाही.

शेवटचा निकष पुन्हा मिळण्याचा. २०२१ ते २०२३ या काळात जगभर चिपांचा तुटवडा होता, पाय बाजारातून नाहीसे झाले आणि मिळाले तेव्हा दुप्पट भावाने. त्या काळात ज्यांचा बोर्ड जळला त्यांचा रिपीटर काही महिने गप्प राहिला. म्हणून एक न घेता दोन घ्यावेत, अगदी सारखे.

मला आज कुणी विचारले तर माझे उत्तर असे. गच्चीवर, विजेच्या जोडीला बॅटरी असेल तर ३ए प्लस, तो न मिळाल्यास ३बी प्लस. गडावर, सौर पॅनेल आणि बॅटरीवर, डाखलेल्या वायरीसह झीरो २ डब्ल्यू. दोन्हीकडे सीएम१०८ चे कार्ड, एसव्हीएक्सलिंक, ओव्हरले चालू, वॉचडॉग चालू आणि खाली ती अर्डुइनोची चिप. जून लागण्यापूर्वी एका रविवारी सर्वांसमोर बोर्डाची वायर उपटून पाहावी आणि तरीही दोन हँडींचे बोलणे होते का ते ऐकावे. नंतर तयार, तपासलेले दुसरे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावे, आणि त्याच्या शेजारी मराठीत, मोठ्या अक्षरांत, कार्ड कसे बदलायचे ते लिहून ठेवावे. पावसात वर जाणारा माणूस कोण असेल हे आज आपल्याला माहीत नसते.